शेक्सपिअरचे नाटक : तेव्हाचे आणि आताचे



दोनेक वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांच्या एका शिबिरात मी व्याख्यान द्यायला गेलो होतो. व्याख्यान संपले, चहा झाला आणि शहापूर तालुक्यातल्या एका लहान गावचे गुरुजी माझ्याजवळ येऊन बसले. थोडे इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर म्हणाले, "सर, आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला नाटक व्हायचं. दोन वर्षं झाली, मी ते बंद केलं. स्टेज नाही, पडदा नाही, लाइट नाहीत. पोरं मोबाइलवर मुंबईची नाटकं बघतात आणि मग आपलं बघून हसतात. म्हटलं, नकोच ते."

मी त्यांना दोन धीराचे शब्द सांगितले आणि परतीची लोकल पकडली. गाडीत बसल्यावर मात्र मनाला रुखरुख लागली. मुलुंडला उतरेपर्यंत एकच विचार डोक्यात घोळत होता. ज्या नाटककाराची नाटके वर्गात शिकवून मी पोट भरतो, त्या शेक्सपिअरकडे तरी यांतले काय होते? समोरचा पडदा नव्हता. दिवे नव्हते. रंगवलेले राजवाडे नव्हते. नाटकात काम करायला बायका नव्हत्या आणि आज आपण ज्याला दिग्दर्शक म्हणतो तो माणूसही नव्हता. गुरुजींना द्यायचे खरे उत्तर हे होते, आणि ते मला वेळेवर सुचले नाही. तेच आज तुमच्यापुढे मांडणार आहे.

शेक्सपिअरचा काळ १५६४ ते १६१६. त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर प्रथम एलिझाबेथ राणी होती. ती १६०३ साली वारली. 'मॅक्बेथ' आणि 'किंग लिअर' ही नाटके तिच्या मागून आली, पण रंगमंच तोच, नट तेच आणि रीतही बहुतेक तीच. तेव्हा या सगळ्यालाच आपण सोयीसाठी एलिझाबेथकालीन नाटक म्हणू.

लंडन शहराच्या कारभाऱ्यांना नाटकवाले डोळ्यांसमोर नको असत. गर्दी जमते, प्लेग पसरतो, उमेदवार कारागीर काम टाकून नाटकाला पळतात, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. म्हणून नाटकगृहे शहराच्या हद्दीबाहेर, म्हणजे आजच्या भाषेत उपनगरांत उभी राहिली. जेम्स बर्बेज या नटाने १५७६ साली शोअरडिच भागात एक नाटकगृह बांधले आणि त्याचे नावच 'थिएटर' ठेवले. पुढे जागेचा भाडेपट्टा संपला आणि मालकाशी वाद झाला. तेव्हा जेम्सच्या पाठीमागे त्याच्या मुलांनी १५९८ च्या डिसेंबरात ते सबंध लाकडी घर उतरवले, खांब-तुळया थेम्स नदीच्या पलीकडे नेल्या आणि त्याच लाकडांतून १५९९ साली 'ग्लोब' उभे केले. आपल्याकडे जुने घर मोडून त्याचे वासे नव्या घराला लावतात ना, तसेच हे. शेक्सपिअर या नाटकगृहाचा एक भागीदार होता.

हे नाटकगृह दिसे कसे? आपल्या खेड्यातला मोठा चौसोपी वाडा डोळ्यांसमोर आणा. मध्ये उघडा चौक, वर आभाळ आणि चहूबाजूंनी तीन मजली सज्जे. या चौकात एका बाजूने लाकडी चौथरा पुढे आलेला असे. एलिझाबेथकालीन एका नाटकगृहाच्या बांधकामाचा करारनामा सुदैवाने शिल्लक आहे. ते 'फॉर्च्यून' नाटकगृह, साल १६००. त्यात चौथऱ्याची रुंदी ४३ फूट दिली आहे आणि चौथरा चौकाच्या मध्यापर्यंत पुढे यावा असे म्हटले आहे. चौक ५५ फुटांचा होता, म्हणजे चौथरा साडेसत्तावीस फूट आत आलेला. शिक्षकांनी शाळेच्या मैदानावर फक्कीने हे माप आखून बघावे. आजच्या कित्येक नाट्यगृहांच्या रंगमंचाहून ते मोठे भरेल.

चौथऱ्याच्या मागे नटांची कपडे बदलण्याची खोली. तिला चौथऱ्याकडे उघडणारी दारे आणि वर एक सज्जा. चौथऱ्यावर दोन खांबांवर तोललेले छप्पर, त्याच्या आतल्या बाजूला चांदण्या रंगवलेल्या. फळ्यांत एक झडप, भुते आणि पिशाच्चे वर यायची ती तिथून. एवढाच सरंजाम. चौकात उभे राहून नाटक बघायचे तर एक पेनी. सज्ज्यात बसायचे तर आणखी एक पेनी. मऊ गादी हवी असेल तर अजून एक. उभ्या लोकांत कारागीर, नोकर, शिकाऊ मुले असत, आणि सज्ज्यांत व्यापारी आणि सरदार. बायकाही नाटकाला येत. दाटीवाटीने भरले तर तीनेक हजार माणसे 'ग्लोब'मध्ये मावत असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

नाटक सुरू होई दुपारी दोनच्या सुमारास. छपरावर निशाण चढे, तीनदा तुतारी वाजे आणि तिसरीला खेळ सुरू. आपल्याकडची तिसरी घंटा तुम्हांला आठवली असेल.

आता नीट विचार करा. भर दुपारी, उघड्या आभाळाखाली, लख्ख उजेडात नाटक चालले आहे. आणि 'हॅम्लेट'चा पहिलाच प्रवेश किल्ल्याच्या तटावर, मध्यरात्री, कडाक्याच्या थंडीत. 'मॅक्बेथ'मधला राजाचा खून रात्रीचा. मग रात्र आणायची कुठून? ती शब्दांतून आणायची. पहारेकरी एकमेकांना 'कोण आहे?' म्हणून विचारतात, बारा वाजल्याचे सांगतात, थंडी वाजते म्हणतात. एखादा नट हातात पेटती मशाल घेऊन येतो. भर उन्हात मशाल दिसली की प्रेक्षकाने समजायचे, रात्र झाली. वर्गात मुले नेहमी विचारतात, "सर, ही पात्रं सारखी हवा कशी आहे, चंद्र कुठं आहे, पहाट कशी फुटतेय हेच का सांगत बसतात?" हौस म्हणून ती सांगत नाहीत, बाळांनो. आज जे काम प्रकाशयोजनाकार बटण दाबून करतो, ते काम तिथे कवीला करावे लागत होते. 'पाचवा हेन्री' या नाटकाच्या सुरुवातीला तर एक पात्र येऊन प्रेक्षकांना सरळ विनंतीच करते, की या लहानशा लाकडी घेरात आम्हांला मोठी रणांगणे दाखवता येणार नाहीत, तेव्हा उरलेले तुम्ही मनाने भरून घ्या.

पडदा नसल्याचाही असाच परिणाम होई. एका दाराने दोघे बाहेर पडतात, दुसऱ्या दाराने तिघे येतात आणि त्यांच्या पहिल्याच वाक्यात कळते की आपण आता रोममध्ये नाही, इजिप्तमध्ये आहोत. 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मध्ये चाळीसएक लहान-मोठे प्रवेश आहेत. पडदा पाडून, खुर्च्या-मेजे हलवून हे नाटक करायला जाल तर मध्यरात्र उलटेल. मोकळ्या चौथऱ्यावर ते नदीसारखे वाहते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तेव्हा नटाला प्रेक्षक दिसत होते. तीन बाजूंनी माणसे, काही तर हात लांबवला तर पायाला लागतील इतकी जवळ, आणि सगळे एकाच उजेडात. हॅम्लेटची प्रसिद्ध स्वगते आपण आज ऐकतो ती कशी? काळोखात एकटा नट, त्याच्यावर एक निळसर झोत, आणि तो स्वतःशीच पुटपुटतो आहे. तेव्हाच्या नटाला स्वतःशी पुटपुटणे शक्यच नव्हते. समोर उभा असलेला चांभार त्याच्याकडे टक लावून बघत होता. तेव्हा स्वगत म्हणजे समोरच्या माणसांना विश्वासात घेऊन बोलणे. आपल्या कीर्तनात बुवा पूर्वरंगात श्रोत्यांकडे बघून प्रश्न टाकतात आणि क्षणभर थांबतात, तो प्रकार याच्या फार जवळचा आहे.

बायकांच्या भूमिका मुलगे करीत. कंपनीतल्या मोठ्या नटांकडे ही मुले उमेदवारी करीत. जूलिएट, ऑफीलिया, लेडी मॅक्बेथ, सगळ्या याच मुलग्यांनी रंगवल्या. 'ट्वेल्फ्थ नाइट'मधली वायोला पुरुषाचा वेष घेते. म्हणजे प्रत्यक्षात मुलगा, त्याने केलेली मुलगी, आणि तिने घेतलेले मुलग्याचे सोंग. तेव्हाच्या प्रेक्षकाला या तिहेरी सोंगाची गंमत कळत होती. आज नटी ही भूमिका करते तेव्हा त्यातला एक पदर आपोआप गळून पडतो.

कपड्यांचे म्हणाल तर ते भारी असत. टॉमस प्लॅटर नावाच्या एका स्विस प्रवाशाने २१ सप्टेंबर १५९९ रोजी लंडनमध्ये 'जूलियस सीझर'चा खेळ पाहिला आणि वहीत टिपून ठेवला. मोठे सरदार मरताना आपले उंची कपडे नोकरांना देऊन जातात, नोकरांना ते वापरणे शोभत नाही म्हणून ते नाटकवाल्यांना विकतात, असे त्याने लिहिले आहे. म्हणजे रोमन सीझरच्या अंगावरही बहुधा त्या काळचाच इंग्लिश पोशाख, फार तर वरून एखादे रोमन वस्त्र. सीझरच्या रोममध्ये शेक्सपिअरने ठोके देणारे घड्याळसुद्धा आणले आहे. कोणी तक्रार केली नाही. नाटक संपल्यावर नटांनी, दोन पुरुषवेषात आणि दोन स्त्रीवेषात, सुंदर नाच केला असेही प्लॅटर सांगतो. एका सत्ताधीशाचा खून, मागून यादवी युद्ध, आणि शेवटी नाच! आपल्या तमाशाच्या किंवा दशावताराच्या प्रेक्षकाला यात काही वावगे वाटणार नाही. वावगे वाटते ते आम्हा प्राध्यापकांना.

तालमीची गोष्ट तर फारच वेगळी. या कंपन्या जवळजवळ रोज नवा खेळ लावीत. १५९४-९५ च्या हंगामात लंडनच्या एका प्रमुख कंपनीने सुमारे ३८ निरनिराळी नाटके केली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक नवी होती. महिना महिना तालमी करायला सवड होती कोणाला? सबंध नाटकाची प्रत प्रत्येकाला मिळत नसे. ज्याला त्याला फक्त स्वतःची वाक्ये आणि प्रत्येक वाक्याच्या आधीचे दुसऱ्याचे दोन-तीन शब्द, एवढेच एका गुंडाळीवर लिहून मिळे. जुन्या मराठी नाटक मंडळ्यांत यालाच 'नक्कल' म्हणत आणि नट 'नकला पाठ करीत.' एडवर्ड ॲलन या नटाची अशी एक गुंडाळी लंडनच्या डलिच कॉलेजात आजही जपून ठेवली आहे. मागच्या खोलीत एक कागद टांगलेला असे. कोणी कधी आत जायचे याची त्यावर यादी. त्यामुळे समोरचा नट पुढे काय बोलणार, हे पुष्कळदा नटालाही पुरते ठाऊक नसे. तो खरोखर कान देऊन ऐकत असे, कारण ऐकले नाही तर आपले वाक्य कधी ते कळणार नाही.

आणि विनोदी नट? तो पदरचे बोले. हॅम्लेट नाटकवाल्यांना जो उपदेश करतो, त्यात विदूषकांनी लिहून दिले आहे त्याहून जास्त बोलू नये अशी ताकीद आहे. ताकीद द्यावी लागते याचाच अर्थ ते बोलत होते. आपला सोंगाड्या तरी कुठे ऐकतो?

हे सारे गेले कुठे? १६१३ च्या २९ जून रोजी 'आठवा हेन्री'च्या खेळात तोफ उडवली, ठिणगी गवती छपरावर पडली आणि 'ग्लोब' तासादोन तासांत जळाले. एकाच्या विजारीने पेट घेतला आणि त्याने ती बाटलीतल्या बिअरने विझवली, अशी मौजेची हकिकत त्या वेळच्या एका पत्रात आहे. पुढच्याच वर्षी नवे 'ग्लोब' उभे राहिले. पण १६४२ साली यादवी युद्धाच्या तोंडावर पार्लमेंटने नाटकेच बंद केली. १६६० साली राजा परत आला आणि नाटके पुन्हा सुरू झाली ती बंदिस्त, छपराच्या घरांत, मेणबत्त्यांच्या उजेडात, रंगवलेल्या देखाव्यांसह. त्याच साली लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर बाई आली. पुढे चौथरा हळूहळू मागे सरकत गेला, समोर चौकट आली, चौकटीत चित्र आले. १८८१ साली लंडनच्या सॅव्हॉय नाटकगृहात विजेचे दिवे लागले आणि मग प्रेक्षक कायमचा काळोखात गेला.

ही चौकट मुंबईत आली तीच आपल्या वाट्याला आली. १८४६ साली ग्रँट रोडला नाटकगृह उभे राहिले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केले होते. त्यांच्या मंडळींनी १८५३ साली या ग्रँट रोडच्या रंगमंचावर खेळ केले. पारशी कंपन्यांनी रंगवलेल्या पडद्यांचे वेड लावले आणि शेक्सपिअर मराठीत आला तो या पडद्यांमधून. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, वासुदेवराव केळकरांनी 'त्राटिका' लिहिली. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी हॅम्लेटची भूमिका करीत आणि त्यांच्यासमोर स्त्रीभूमिकेत बाळाभाऊ जोग असत. गंमत अशी, की मागे रंगवलेला पडदा होता तो नव्या विलायतेचा, पण पुरुषाने केलेली नायिका, गावोगाव फिरणारी कंपनी आणि नकला पाठ करून उभे राहणारे नट ही मात्र जुन्या विलायतेची रीत होती. लंडनमधले शेक्सपिअरचे प्रयोग ज्या जुन्या वाटेवरून दूर गेले होते, तिच्या काही खुणा आपल्या मंडळ्यांत, कोणाला न कळत, जिवंत होत्या.

पुढे आपलेही बदलले. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्नाबाई भोळ्यांनी काम केले. खरीखुरी खोली, खरीखुरी बाई, हळू आवाजातले बोलणे रंगभूमीवर आले. शिरवाडकरांनी १९५४ साली 'मॅक्बेथ'वरून 'राजमुकुट' लिहिले. २०१८ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी नाना जोगांच्या अनुवादावरून 'हॅम्लेट' बसवले, सुमीत राघवन त्यात हॅम्लेट झाले, आणि भव्य नेपथ्यासह ते व्यावसायिक रंगभूमीवर आले. मुलुंडचे कालिदास घ्या, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह घ्या. तिथे आपण गाद्यांच्या खुर्चीत बसतो, दिवे मालवतात, पडदा सरकतो आणि एका उजळलेल्या चौकटीत नाटक घडते. त्या चौकटीत आपण डोकावून बघायचे, आपल्याला तिथून कोणी बघत नाही.

यात नुसते नुकसान झाले असे माझे म्हणणे नाही. काळोखाने आणि झोताने नटाच्या डोळ्यांतले पाणी शेवटच्या रांगेपर्यंत नेले. स्त्रीची भूमिका स्त्रीला मिळाली, हा तर न्यायच झाला. ती रीत परत फिरवा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण एक गोष्ट हरवली, आणि ती म्हणजे प्रेक्षकाचे काम. तेव्हाचा प्रेक्षक रात्र स्वतः करीत होता, समुद्र स्वतः करीत होता. आजच्या प्रेक्षकाला सारे तयार मिळते, आणि तयार मिळाले नाही की तो हसतो. गुरुजींची मुले हसली ती याच सवयीने.

ही हरवलेली गोष्ट परत आणण्याची धडपड पुष्कळांनी केली. विल्यम पोएल या इंग्रज गृहस्थाने १८८१ सालीच, म्हणजे ज्या वर्षी विजेचे दिवे आले त्याच वर्षी, 'हॅम्लेट' देखाव्यांवाचून करून दाखवले. टायरन गथ्री या दिग्दर्शकाने १९३७ साली डेन्मार्कमध्ये, हॅम्लेटच्याच एल्सिनोरच्या किल्ल्यात, उघड्यावर प्रयोग ठरवला. ऐन वेळी धो धो पाऊस आला. मग सारी मंडळी एका हॉटेलच्या दिवाणखान्यात गेली, मिळतील त्या खुर्च्या भोवताली मांडल्या आणि नाटक झाले. गथ्रीला त्या रात्री चौथऱ्याच्या नाटकाचे बळ जाणवले आणि १९५३ साली कॅनडातल्या स्ट्रॅटफर्डला त्याने तसाच पुढे आलेला रंगमंच केला.

लंडनमध्ये सॅम वानामेकर या अमेरिकन नटाने आयुष्याची कितीतरी वर्षे घालून जुन्या जागेजवळच नवे 'ग्लोब' उभारायला घेतले. ते १९९७ साली सुरू झाले, तेव्हा वानामेकर हयात नव्हते. ओक लाकूड, गवती छप्पर, उघडा चौक, उभे प्रेक्षक, सगळे तसेच. तरीही ते तसेच आहे का? १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनमध्ये गवती छपराला बंदी होती, म्हणून आता छपरावर पाणी फवारणाऱ्या नळ्या आहेत. तीन हजारांऐवजी दीडेक हजारच माणसे सोडतात. २००४ साली तिथे 'रोमिओ अँड जूलिएट' शेक्सपिअरच्या काळच्या उच्चारांत करून पाहिले. पण वरून विमान जाते, आणि चौकात उभा असलेला माणूस शाळेत हे नाटक शिकून आलेला असतो. १५९९ चे घर बांधता येते, १५९९ चा प्रेक्षक बांधता येत नाही.

याच नाटकगृहात एक मोठा वाद झाला. एमा राइस या दिग्दर्शिका २०१६ साली प्रमुख झाल्या आणि त्यांनी रंगीत दिवे व ध्वनिवर्धक वापरले. प्रेक्षक गर्दी करीत होते. पण नट आणि प्रेक्षक एकाच उजेडात असावेत यासाठीच हे घर आहे, असे विश्वस्तांचे म्हणणे पडले आणि २०१८ साली राइसबाई बाहेर पडल्या. कोणाचे बरोबर, यावर आजही दुमत आहे. मला एवढेच वाटते, की दिवा वापरावा की नाही यावरून एवढे रण माजते त्या अर्थी दिवा ही साधी सोय नाही. तो लागला की नाटकाची जातच बदलते.

आपल्या उपनगरातही या धडपडीची एक खूण आहे. जेफ्री केंडल यांची 'शेक्सपिअराना' ही फिरती कंपनी हिंदुस्थानभर हिंडून शाळाशाळांतून आणि संस्थानिकांच्या वाड्यांतून शेक्सपिअरचे खेळ करी. मिळेल त्या जागी, मिळेल त्या उजेडात. त्यांची कन्या जेनिफर आणि जावई शशी कपूर यांनी १९७८ साली जुहूला 'पृथ्वी थिएटर' सुरू केले. तिथला मंच तीन बाजूंनी प्रेक्षकांत आलेला आहे आणि खुर्च्या दोनशेच्या आसपास. नट घाम पुसतो तोही दिसतो. २०१२ साली लंडनच्या 'ग्लोब'मध्ये शेक्सपिअरची ३७ नाटके ३७ भाषांत झाली. तिकडे मुंबईहून दोन नाटके गेली. एक अतुल कुमार यांचे हिंदी 'पिया बहरूपिया', नौटंकीच्या अंगाने जाणारे, गाण्यांनी भरलेले. दुसरे सुनील शानबाग यांचे गुजराती. मराठी त्या सदतीस भाषांत नव्हती, हे नमूद करताना थोडे वाईट वाटते. दशावतार, लळीत, तमाशा ज्या भाषेत आहेत त्या भाषेला त्या चौकात उभे राहायला काहीच अडचण आली नसती.

माझे बालपण सिंधुदुर्गात गेले. जत्रेत देवळासमोर दशावतार व्हायचा. एक लाकडी बाक. तोच राजाचे सिंहासन, तोच डोंगर. एका कोपऱ्यात पायपेटी आणि मृदंग. बाप्या माणूस द्रौपदी होऊन यायचा आणि आमच्या आया डोळे पुसायच्या. पुढे शिकून प्राध्यापक झालो आणि हे विसरलो. तीन वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी 'राजमुकुट'मधला खुनाच्या रात्रीचा प्रवेश बसवला. तालमीचा निम्मा वेळ दिव्यांत गेला. निळा कधी, लाल कधी, यावर भांडणे झाली. आणि प्रयोगाच्या दिवशी दुपारी सभागृहाची वीज गेली. तासभर वाट पाहिली. शेवटी मुलांनीच ठरवले आणि कॉलेजच्या व्हरांड्यात, अडीच वाजताच्या उन्हात, प्रवेश सुरू केला. प्रेक्षक पायऱ्यांवर आणि अंगणात दाटीने बसले. खून करून आलेला तो सरदार रक्ताळलेले हात घेऊन उभा राहिला तेव्हा त्याला समोरची माणसे दिसत होती आणि त्यांना तो. तेवढ्यात एका वर्गाच्या दारावर थापा पडल्या. पुढच्याच पायरीवर एका विद्यार्थिनीची आजी बसली होती. ती एकदम म्हणाली, "अरे बाबा, आलं कोणीतरी! हात धू आधी." कोणी हसले नाही. त्या पोराने आजीकडे बघितले, मग आपल्या हातांकडे बघितले आणि तो खरोखर घाबरला. निळ्या झोतात महिनाभर जे त्याला जमले नव्हते ते तिथे जमले.

म्हणून शिक्षकमित्रांनो, माझी विनंती अशी. शाळेला रंगमंच नसेल तर ओसरी घ्या, ओटा घ्या, पाराखालची जागा घ्या. मुलांना तीन बाजूंनी बसवा. मागे येण्याजाण्याला दोन वाटा ठेवा, मध्ये पडदा नको. प्रवेश संपला की लगेच दुसऱ्या वाटेने पुढची पात्रे येऊ द्या. रात्र दाखवायची तर एका मुलाच्या हाती कंदील द्या आणि रात्र झाल्याचे वाक्यात सांगा. राजा ओळखू यावा एवढा एक फेटा पुरे. एखादा प्रवेश नकलांवर बसवून बघा. प्रत्येकाला फक्त त्याचीच वाक्ये द्या, म्हणजे मुले एकमेकांचे ऐकायला शिकतील. आणि मुलांना सांगा, की समोर बसलेल्यांकडे बघून बोला. हे गरिबाचे नाटक नव्हे. ज्या घरातून 'हॅम्लेट' बाहेर पडले त्या घरची ही रीत आहे.

हे सगळे मी त्या गुरुजींना पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आले. लिहितात, "करून बघतो. मुलांचं काही नाही, ती तयार होतील. पण पालक म्हणतील, भर दुपारी कसलं नाटक? कामं कोणी करायची?"

प्रश्न खरा आहे. लंडनचे कारभारीही हेच म्हणत होते. मी त्यांना उलट टपाली इतकेच लिहिले, की बाजाराचा दिवस धरा, त्या दिवशी माणसे गावात असतात.